अठ्ठावन्न ते साठ : निवृत्तीच्या वर्षाचा कर तपासताना

(कोल्हापुरात निवृत्तांच्या मेळाव्यात एका करसल्लागारांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित)

नमस्कार. सभागृहात शिरतानाच पहिल्या रांगेतल्या काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "साहेब, मे महिन्यात रिटायर झालो. आता पगारच नाही, तर रिटर्न कशाला भरायचं?" काका, तुमच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

नोकरीत असताना आपला कर एकच हात कापत होता, ऑफिसचा. निवृत्तीच्या वर्षी हे हात तीन होतात. निवृत्तीपर्यंतच्या पगारावर ऑफिस कापतं. पुढं पेन्शनचं काम कोषागाराकडं किंवा बँकेकडं जातं. आणि फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे ज्या बँकेत ठेवीत टाकले, ती बँक व्याज देतानाच त्यावर कर, म्हणजे टीडीएस, कापते. आपण स्वतः कळवलं नाही तर यातल्या कुणाला दुसऱ्याचे आकडे माहीत नसतात. सगळ्या वर्षाची बेरीज मांडू शकेल असा माणूस एकच, तो म्हणजे आपण. म्हणून या वर्षाचं रिटर्न सगळ्यात महत्त्वाचं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर असलेले गृहस्थ माझ्याकडं आले होते. सगळे कागद कापडाच्या पिशवीत, सॅलरी स्लिपला पासबुक टाचलेलं. 31 मे 2025 ला निवृत्त. पगार महिना दीड लाख. कंपनीच्या सॉफ्टवेअरनं एप्रिलमध्ये बारा महिन्यांचे 18 लाख धरले, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट काढली आणि वर्षाचा कर आला 1 लाख 50 हजार 800. त्याचा बारावा भाग दर महिन्याला, म्हणजे दोन महिन्यांत साधारण 25 हजार 100 कापले गेले. प्रत्यक्षात पगार मिळाला दोनच महिने, तीन लाख. पीएफची पेन्शन वर्षअखेरपर्यंत साठ हजार, ठेवीचं व्याज दोन लाख. त्या व्याजावर बँकेनं दहा टक्क्यांनी 20 हजार कापलेले. बेरीज साडेपाच लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए ची सवलत आहे, म्हणजे त्यांचा कर शून्य. 45 हजार रुपये सरकारकडं त्यांचे पडून होते, आणि ते मात्र रिटर्न भरायचंच नाही असं ठरवून बसले होते! मुलीनं हट्ट धरला म्हणून आले. कापलेला जास्तीचा कर आपोआप परत येत नाही. रिटर्न भरून मागावा लागतो. मुदत 31 जुलै. चुकली तर 31 डिसेंबरपर्यंत विलंब शुल्क देऊन भरता येतं. त्यानंतर रिफंड मागणं फार अवघड होतं.

आता याच्या उलट. राज्य सरकारचे एक अधिकारी, 31 ऑक्टोबर 2025 ला निवृत्त. सात महिन्यांचा पगार 11 लाख 20 हजार. ऑफिसनं तेवढाच धरला, वजावट काढली, कर शून्य. पाच महिन्यांची पेन्शन अडीच लाख. कोषागारानं तेवढीच बघितली, तिथंही शून्य. व्याज 1 लाख 30 हजार, त्यावर 13 हजार टीडीएस. तिघांनीही आपापल्या जागी बरोबरच केलं. पण बेरीज होते 15 लाख. वजावट एकदाच मिळते, दोन ठिकाणी नाही. उरले 14 लाख 25 हजार, त्यावर उपकरासह कर 97 हजार 500. कापलेले 13 हजार वजा जाता साडेचौऱ्याऐंशी हजार खिशातून भरायचे, वर व्याज, कारण वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा अॅडव्हान्स टॅक्स त्यांनी भरला नव्हता. ते म्हणाले, "अहो, ज्येष्ठ नागरिकाला अॅडव्हान्स टॅक्स नसतो ना?" नसतो, धंद्याचं उत्पन्न नसेल तर. पण ते होते अठ्ठावन्न वर्षांचे.

इथं माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ होतो. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, पीएफची पेन्शनही अठ्ठावन्नाव्या वर्षी. सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली की आपण मनानं ज्येष्ठ होतो. आयकर कायद्यात मात्र ज्येष्ठ म्हणजे साठ. मधली दोन वर्षं तुम्ही पेन्शनर असता, पण ज्येष्ठ नागरिक नसता. व्याजावर कर कापू नका असं बँकेला लिहून द्यायचा 15एच फॉर्म मार्च 2026 पर्यंत साठीनंतरच चालायचा. साठीआधी 15जी, आणि त्याची अट कडक होती : वर्षाचा कर शून्य हवा, शिवाय व्याजाची रक्कमसुद्धा करमुक्त मर्यादेच्या आत हवी. फौंड्रीतल्या त्या गृहस्थांना 15जी चालला असता. ते 15एच घेऊन गेले, बँकेनं परत केला आणि तो विषय तिथंच राहिला. व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादाही साठीआधी 50 हजार आणि साठीनंतर एक लाख, एप्रिल 2025 पासून.

साठी कधी भरली, हाही प्रश्न आहे. वर्षात कुठल्याही दिवशी साठ पूर्ण झाली, अगदी मार्चमध्ये, तरी सगळं वर्ष तुम्ही ज्येष्ठ. एक एप्रिलला जन्म असलेल्यांनी तर नीट ऐका. 2016 च्या जुलैमध्ये प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून सांगितलंय की त्यांचं वय 31 मार्चलाच पूर्ण झालं असं धरायचं. एका दिवसानं सबंध वर्ष पदरात पडतं. आपल्या पिढीत तर शाळेत गुरुजींनी लावलेली एक जूनची जन्मतारीख घरोघरी आहे. त्यांना हा फायदा नाही, पण लक्षात ठेवा, सरकारी नोकरीत एक तारखेचा जन्म असणारा आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून आपल्याकडं 31 मे ला एवढे निरोप समारंभ असतात, आणि म्हणूनच दोन महिन्यांचा पगार व दहा महिन्यांची पेन्शन असं वर्ष आपल्यात इतक्या जणांच्या वाट्याला येतं.

आता एकरकमी पैसे. लोक सर्वात जास्त इथं घाबरतात, आणि बहुतेक वेळा विनाकारण. ग्रॅच्युइटी, विकलेली पेन्शन म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं (अंशराशीकरण), आणि शिल्लक रजेचा पगार (रजा रोखीकरण), या तिन्हींची सूट नव्या प्रणालीतही शाबूत आहे. "नव्या प्रणालीत काहीच वजा होत नाही" असं कुणी सांगितलं म्हणून जुनीकडं पळू नका, आधी दोन्हीकडून हिशेब करा. सरकारी कर्मचाऱ्याला तिन्ही रकमा पूर्ण करमुक्त. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटीला 20 लाखांची मर्यादा. विकलेल्या पेन्शनचा, ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर एक तृतीयांशापर्यंतचा आणि नसेल तर निम्म्यापर्यंतचा भाग करमुक्त.

रजेच्या पगाराबाबत जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या मंडळींनी सावध राहावं. ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाच्या कलमात स्थानिक स्वराज्य संस्थेचं नाव आहे. रजा रोखीकरणाच्या कलमात पूर्ण सूट फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना लिहिलीय. बाकीच्यांना मर्यादा, ती वर्षानुवर्षं तीन लाखांवर अडकली होती. कित्येक शिक्षकांचा त्या काळात रजेच्या पैशावर कर गेला, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. एप्रिल 2023 पासून ती 25 लाख झाली. सरासरी दहा महिन्यांच्या पगाराची अट कायम आहे, तरी बहुतेकांचा प्रश्न मिटला. पण ऑफिसनं जुनी मर्यादा धरून कर कापलाय का, ते फॉर्म 16 मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेला कर यांच्या दाखल्यात, स्वतः बघा. कापला असेल तर रिटर्नमध्ये सूट मागता येते.

फॉर्म 16 जूनच्या मध्यापर्यंत मिळायला हवा, जुन्या ऑफिसचा वेगळा आणि पेन्शनचा वेगळा. तो हातात आला की आयकराच्या पोर्टलवरून 26एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराची नोंद, आणि एआयएस, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचा व व्यवहारांचा गोषवारा, उतरवून घ्या. एआयएसच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरांत पॅन आणि पुढं जन्मतारीख, मध्ये मोकळी जागा नाही. मग पट्टी घेऊन बसा. स्लिपवर कापलेला प्रत्येक रुपया 26एएसमध्ये दिसला पाहिजे. माझ्या घरातच एकाला हा अनुभव आला : स्लिपवर कपात होती, पण मालकानं ती सरकारात भरलीच नव्हती. असं झालं तर घाबरू नका. 1961 च्या कायद्याचं कलम 205 सांगतं की कापून घेतलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण पुरावा तुमच्याकडं हवा, म्हणून सॅलरी स्लिपा आणि पासबुकं टाकून देऊ नका. एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय, पण 2025-26 चं रिटर्न 1961 च्या कायद्यानंच होणार.

मागच्या वर्षांच्या पगाराचा फरक एकदम मिळाला असेल तर कलम 89 ची सवलत आहे. त्यासाठी फॉर्म 10ई रिटर्नच्या आधी भरायचा. नंतर भरला तर सवलत नाकारल्याची नोटीस येते.

आणि एक, बायाबापड्यांसाठी. साहेब गेल्यावर पत्नीला मिळते ती फॅमिली पेन्शन, ती पगार धरली जात नाही. तिची वजावट वेगळी : एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत 25 हजार, जी कमी असेल ती. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाताना ताईंना बरोबर घेऊन जा. पॅन, पासबुक, फॉर्म 16 कुठल्या कपाटात आहे, पोर्टलवर मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे त्यांना आजच दाखवा. नंबर मुलाचा असेल आणि मुलगा पुण्यात, तर ओटीपीसाठी त्या माउलीला दिवसभर फोन लावत बसावं लागतं.

काका, तुमच्याकडं मे महिन्याची सॅलरी स्लिप आहे का? आणलीय? मग या पुढं. बाकीच्यांनीही कागद काढा, मी साडेसातपर्यंत इथंच आहे.