तोवरची गादी

मंडळी, परक्या राज्यातलं यहुदी नेतृत्व आणि मशीहाची वाट यावर बोलायचं, तर सुरुवात एका पोशाखापासून करावीशी वाटते. यरुशलेमच्या मंदिरातल्या प्रमुख याजकाचा पोशाख. निळा झगा, त्याच्या घेराला सोन्याच्या घंटा आणि मधे मधे डाळिंबं, छातीवर बारा रत्नांचा पट, कपाळावर सोन्याची पट्टी. इ.स. 6 मध्ये यहुदियात रोमचा सुभेदार बसला आणि पुढची तीसेक वर्षं हा पोशाख मंदिराला लागून असलेल्या अँटोनिया गढीत रोमन शिबंदीच्या ताब्यात राहिला. दगडी खोली, दाराला याजकांची आणि खजिनदारांची मोहर, आत गढीचा अंमलदार रोज दिवा लावणार. सणाच्या सात दिवस आधी पोशाख याजकांच्या हाती द्यायचा, त्यांनी तो शुद्ध करून घ्यायचा, सणाचा पहिला दिवस उरकला की पुन्हा खोलीत.

देवासमोर उभं राहायचं, तर आधी परक्या अंमलदाराकडून कपडे मागून आणायचे! याजक नेमायचा तोही सुभेदारानेच. व्हॅलेरिअस ग्रेटस नावाचा सुभेदार अकरा वर्षं होता, तेवढ्यात त्याने चार प्रमुख याजक नेमले. चौथा कायफा. लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. तरीही प्रायश्चित्ताच्या दिवशी तेच लोक त्याच माणसाच्या मागे अंगणात उभे राहायचे. परक्या अमलाखाली जो पुढारी होतो त्याला राज्यकर्त्याशी जुळवून घ्यावंच लागतं. मग त्याला मानायचं कशाच्या जोरावर? मला सापडलेलं उत्तर एका साध्या शब्दात आहे: 'तोवर'. ही गादी तोवरची आहे. खरा धनी यायचा आहे.

'मशीहा' हा शब्द आपल्याकडे तारणहार या अर्थाने रुळला आहे. मुळात त्यात तेल आहे. हिब्रूत 'माशिआख' म्हणजे ज्याच्या माथ्यावर तेल ओतलंय तो, मराठी बायबलातला 'अभिषिक्त'. शमुवेल संदेष्ट्याने दाविदाला तेल ओतून राजा केलं, आणि त्याचं घराणं यरुशलेमात चारशेएक वर्षं टिकलं. इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने त्या घराण्याचा तरुण राजा यहोयाखीन याला धरून बाबेलला नेलं आणि 586 मध्ये मंदिर जाळलं. बाबेलच्या राजवाड्यात पुढे मातीच्या पाट्या सापडल्या. शिधावाटपाच्या नोंदी. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना किती तेल दिलं ते लिहिलेलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्या घराण्याच्या माथ्यावर तेल ओतलं जायचं, त्याच्या राजाला आता तेल मापून मिळतंय, आणि शत्रूचा कारकून त्याला अजून 'राजा'च लिहितोय.

याच यहोयाखीनाबद्दल यिर्मया संदेष्ट्याने देवाच्या तोंडचं वाक्य सांगितलं होतं: तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास, तरी तुला उपटून टाकलं असतं. हे लक्षात ठेवा. इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या कोरेशाने बाबेल घेतलं, यहुद्यांना परत जायला मोकळीक दिली. यशयाच्या ग्रंथात कोरेशाला चक्क देवाचा 'अभिषिक्त' म्हटलंय, तोच शब्द. परका, दुसऱ्या देवांना मानणारा बादशहा मशीहा! त्या एका ओळीत केवढी हिंमत आहे. जो सोडवेल तो देवाचाच, मग तो कुणाच्याही घरचा असो.

पण घरचा माणूसही होता. यहोयाखीनाचा नातू जरुब्बाबेल इराणी सुभ्याचा अधिकारी म्हणून यरुशलेमात आला. इ.स.पू. 520 मध्ये मंदिर पुन्हा बांधायला घेतलं, तेव्हा हाग्गय संदेष्ट्याने त्याला उद्देशून सांगितलं: देव म्हणतो, मी तुला मुद्रेची अंगठी करीन. आजोबाच्या वेळी उपटलेली अंगठी नातवाच्या नावाने पुन्हा बोटात. ऐकणाऱ्यांना याचा अर्थ उलगडून सांगावा लागला नसेल. आणि तो कानावर गेला तर इराणी दरबारालाही नसेल. नवा बादशहा दारयावेश त्या सुमारास साम्राज्यभरची बंडं मोडून नुकता स्थिरावत होता. पुढे काय होतं पाहा. जखऱ्याच्या ग्रंथात मुकुट घडवायला सांगितलेत, मूळ हिब्रूत अनेकवचन आहे, आणि मुकुट ठेवला जातो तो एकट्या यहोशवाच्या, प्रमुख याजकाच्या डोक्यावर. इ.स.पू. 515 मध्ये मंदिर पुरं झालं, तेव्हाच्या वर्णनात यहुद्यांचे वडीलधारे आहेत, याजक आहेत, जरुब्बाबेलाचं नाव नाही. राजवंश मागे सरला, याजक पुढे आला. राजा नसलेल्या समाजाला त्याने पुढची पाचशे-सहाशे वर्षं एकत्र धरलं, हे मी कमी मानत नाही.

मधला काळ मी भरभर ओलांडतो, फक्त मक्काबी या याजक घराण्यापाशी थांबू. सीरियाचा ग्रीक राजा अंतिओखस याने मंदिर बाटवलं, यहुदा मक्काबीने ते इ.स.पू. 164 मध्ये परत मिळवलं. मग प्रश्न आला बाटलेल्या वेदीचा. तिच्यावर यज्ञ करता येईना, आणि दगड फेकून द्यायचे तर ते देवाच्या वेदीचे दगड. त्यांनी वेदी उतरवली आणि दगड मंदिराच्या टेकडीवर एका बाजूला रचून ठेवले: कुणी संदेष्टा येऊन काय करायचं ते सांगेल तोवर. चोवीस वर्षांनी यहुदाचा भाऊ शिमोन याला लोकांनी पुढारी आणि प्रमुख याजक नेमलं. तो दाविदाच्या वंशातला नव्हता, याजक घराण्यातला होता. ठराव पितळी पाट्यांवर कोरला, आणि त्यात अट घातली: 'विश्वासू संदेष्टा येईपर्यंत'. दगडांना लावलेली अट गादीलाही लागली. जिंकलेल्या सेनापतीला, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या माणसाला, नेमणुकीच्या कागदातच सांगितलं की तू तोवरचा आहेस.

शिमोनाच्या नातवंडांना ही अट जड झाली. त्यांनी राजमुकुट घातला. इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पॉम्पी मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात शिरला, आणि त्या धक्क्यातून आलेल्या स्तोत्रांत राग पॉम्पीवर आहे, तितकाच दाविदाची गादी बळकावणाऱ्या आपल्याच राजांवर आहे. तिथेच दाविदाचा पुत्र येवो अशी आर्त हाक आहे, आणि तो घोडा, स्वार, धनुष्य यांवर भिस्त ठेवणार नाही असंही म्हटलंय. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या मंडळींनी तर दोन अभिषिक्त येतील असं लिहून ठेवलं, एक अहरोनाच्या वंशातला याजक, एक इस्राएलचा. सगळं एका हाती जाऊ नये ही काळजी त्यांना मशीहाच्या बाबतीतही होती.

रोमच्या काळात ही वाट पाहणं रस्त्यावर आलं. थ्यूदास लोकांना यार्देन नदीवर घेऊन गेला, पाणी दुभंगेल म्हणाला. घोडदळ आलं, त्याचं मुंडकं यरुशलेमात आणलं. इजिप्तहून आलेल्या एकाने जैतुनाच्या डोंगरावरून भिंती पाडून दाखवीन म्हटलं. त्याच्याही लोकांची कत्तल झाली. हे सगळं त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो, आणि तो त्यांना ठग म्हणतो. मला त्याचा हा शब्द पटत नाही. नदीकाठी जमलेल्या त्या माणसांना शस्त्रापेक्षा, नदी दुभंगल्याच्या आणि भिंती कोसळल्याच्या धर्मग्रंथातल्या जुन्या गोष्टीवर विश्वास होता. इ.स. 70 मध्ये मंदिर दुसऱ्यांदा जळालं. परंपरा सांगते की वेढ्यातून योहानान बेन झक्कई या धर्मपंडितांना शिष्यांनी शवपेटीतून बाहेर काढलं, आणि त्यांनी रोमन सेनापती वेस्पासियनकडे यावने हे गाव आणि तिथले विद्वान मागून घेतले. त्यांचंच एक वचन आहे: हातात रोप असेल आणि कुणी म्हणालं मशीहा आला, तर आधी रोप लाव, मग सामोरा जा.

आणि तरीही बासष्ट वर्षांनी अख्खा मुलूख उठला. आता थोडं सावकाश जाऊ, कारण इथे पुढाऱ्याची स्वतःची पत्रं आपल्या हाती आहेत. 1960 साली मृत समुद्राजवळ नाहाल हेवेरच्या खडकातल्या गुहेत पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांच्या तुकडीला एक चामड्याची पखाल सापडली. आत बायकी सामान, मणी वगैरे, आणि त्यातच पपायरसची पुरचुंडी. शिमोन बार कोसिबाची पत्रं. लोक ज्याला बार कोखबा, ताऱ्याचा पुत्र, म्हणाले तो हा. त्या काळचे मोठे धर्मगुरू रब्बी अकिवा यांनी त्याच्याकडे बघून म्हटलं, हाच राजा मशीहा. शेजारी योहानान बेन तोर्ता होते. ते म्हणाले, अकिवा, तुझ्या गालांतून गवत उगवेल, तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल.

पत्रांत तो स्वतःला मशीहा म्हणत नाही. 'इस्राएलचा नासी' म्हणतो. नासी म्हणजे अधिपती. एन-गेदीच्या लोकांना रागावतो: तुम्ही खुशाल इस्राएलच्या मालमत्तेतून खाता-पिता आणि भावांची फिकीर करत नाही. दुसरं पत्र मला फार जवळचं वाटतं. मंडपांचा सण आलाय. तो लिहितो, दोन गाढवं पाठवतोय, त्यांच्यावर खजुरीच्या झावळ्या आणि महाळुंगं लादून छावणीत पाठवा. तुमच्याकडून मेंदीसारख्या त्या मर्टलच्या आणि वाळुंजाच्या डहाळ्या पाठवा. दशमांश काढलेला असू द्या. चहूकडून रोमन फौज, आणि सेनापती गाढवांवरच्या फळांचा दशमांश विसरत नाही. नाणीही बघा. रोमन नाणी घेऊन त्यांवरच नवा ठसा मारलेला, 'इस्राएलच्या मुक्तीचं वर्ष पहिलं', आणि काही नाण्यांत खालून सम्राटाचा पुसट चेहरा अजून दिसतो.

135 मध्ये बेतार हा त्याचा शेवटचा किल्ला पडला. रोमन इतिहासकार डिओ कॅशिअस 985 गावं उद्ध्वस्त झाली म्हणतो, लढाईतच 5,80,000 मेले म्हणतो. आकडे फुगवलेले धरले तरी यहुदिया रिकामा झाला हे खरं. लोक आता बार कोखबाला 'बार कोझिबा', खोटेपणाचा पुत्र, म्हणू लागले. पण अकिवांची वचनं त्यांनी पानोपानी जपली. ज्यांच्या हातून एवढी चूक झाली त्यांना या समाजाने आपला गुरूच ठेवलं, याने माझं मन भरून येतं.

आणि 'नासी' हा शब्दही टाकला नाही. पुढे रोमने मान्य केलेल्या गालीलातल्या यहुदी प्रमुखाला हीच पदवी मिळाली. यहुदा हानासी यांनी इ.स. 200 च्या आसपास मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांचा संग्रह, सिद्ध केली. श्रीमंत, रोमन अधिकाऱ्यांत ऊठबस असलेला विद्वान. तालमूदात, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथात, त्यांच्या पंक्तीची एक गोष्ट आहे. रब्बी हिय्यांची दोन मुलं जेवायला होती, गप्प गप्प. नासींनी सांगितलं, मुलांना वाइन वाढा, म्हणजे बोलतील. वाइन चढली आणि मुलं म्हणाली: दाविदाचा पुत्र तेव्हाच येईल जेव्हा इस्राएलातली दोन घराणी संपतील, बाबेलातल्या यहुदी प्रमुखाचं आणि इथलं नासीचं. यजमानाच्याच घरात! नासी कळवळले, 'बाळांनो, माझ्या डोळ्यांत काटे टोचता?' हिय्यांनी समजूत घातली: हिब्रूत 'वाइन' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज सत्तर, 'गुपित'चीही सत्तर, वाइन आत गेली, गुपित बाहेर आलं. गुपित तेच होतं, शिमोनाच्या पितळी पाट्यांवर उघड कोरलेलं. आणि ही गोष्ट त्यांनी लिहून ठेवली.

त्यांच्याच मिश्नेत एक निवाडा आहे. दोघांनी एकाकडे ठेव ठेवली, एकाने शंभर, दुसऱ्याने दोनशे. आता दोघेही म्हणतात, दोनशे माझे. निवाडा असा की प्रत्येकाला शंभर द्या, उरलेले एलिया येईपर्यंत पडून राहू देत. मशीहाच्या आधी येणारा संदेष्टा तो हा एलिया.

आपल्या रायगडातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल काढायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. मिश्ना आणि तालमूद त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोचले, पण एलियाहू हन्नाबी, म्हणजे हाच एलिया संदेष्टा, त्यांच्याकडे आधीपासून होता. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. नवस फेडायचा असो की लग्न, घरात मलिदा होतो: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. ताट मधोमध ठेवतात, भोवती माणसं जमतात, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन गाणं सुरू होतं.