वीस मिनिटांची फेरी

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर १९४६. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातलं कोलंबिया शहर. तिथल्या न्यायालयात साक्षी संपल्या, वकिलांची भाषणं झाली, ज्युरी निकाल ठरवायला आत गेली. न्यायाधीश जे. वेटीज वेअरिंग उठले आणि म्हणाले, मी जरा चालून येतो. कोर्टातला अधिकारी म्हणाला, साहेब, ज्युरी तेवढा वेळ बसायची नाही. बसावंच लागेल, वेअरिंग म्हणाले, मी २० मिनिटं परत येणार नाही.

निकाल काय लागणार हे त्यांना कळून चुकलं होतं. निदान तो पाच मिनिटांत लागू नये, एवढंच त्यांच्या हातात होतं.

खटला होता आयझॅक वुडार्ड या कृष्णवर्णीय जवानाचा. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला हा माणूस फेब्रुवारीत सैन्यातून मोकळा झाला आणि त्याच दिवशी बसनं बायकोकडे निघाला. अंगावर अजून गणवेश होता. वाटेत लघवीला जायचंय, बस थांबवा, म्हणाला. त्यावरून चालकाशी बोलाचाली झाली. पुढे बेट्सबर्ग गावी त्याला पोलिसांच्या हवाली केलं गेलं आणि तिथल्या पोलीस प्रमुखानं त्याला दंडुक्यानं असं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. मारल्याचं पोलीस प्रमुखानंही नाकारलं नाही. स्वतःच्या बचावासाठी मारलं, असं त्याचं म्हणणं. सरकारी वकिलांनी खटला जेमतेम चालवला. सगळी ज्युरी गोऱ्यांची. न्यायाधीश फिरून आले आणि लगेच निकाल आला: पोलीस प्रमुख निर्दोष. प्रेक्षकांत बसलेल्या न्यायाधीशांच्या पत्नी एलिझाबेथ रडत बाहेर पडल्या.

वेअरिंग तेव्हा ६६ वर्षांचे होते. चार्ल्सटनमधलं जुनं, खानदानी घराणं. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेले. वर्णभेदाचा उघड पुरस्कार करणाऱ्या एका सिनेटरचा प्रचार त्यांनी स्वतः सांभाळला होता. १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीश नेमलं, तेव्हा चार्ल्सटनला त्यांच्यापासून काही धोका वाटायचं कारणच नव्हतं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथेच. ज्या वयात माणसं आपली मतं कुलूपबंद करून ठेवतात, त्या वयात यांनी ती पुन्हा उघडून पाहिली. संध्याकाळी एलिझाबेथ त्यांना वर्णभेदावरची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवत, आणि आपण आजवर कशाच्या सावलीत वाढलो हे त्यांना उमगत गेलं.

मग कोर्टात बदल दिसू लागला. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या बसायच्या वेगळ्या जागा गेल्या. १९४७ मध्ये जॉर्ज एल्मोर यांचा खटला त्यांच्यासमोर आला. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत काळ्यांना मत देता येत नसे, आणि त्या राज्यात खरी निवडणूक तीच असे. वेअरिंग यांनी निकाल दिला, मत देऊ द्या. आणि वर लिहिलं, साउथ कॅरोलायनानं आता संघराज्यात परत यायची वेळ झाली आहे. १८६० मध्ये सगळ्यांत आधी संघराज्यातून फुटलेलं राज्य हेच. शब्द वर्मी लागले.

शहरानं त्यांना वाळीत टाकलं. जुन्या मित्रांनी बोलणं सोडलं. घराजवळ क्रॉस जाळला गेला, घरावर काँक्रीटचे तुकडे फेकले गेले.

तरी खरी कसोटी पुढेच होती. क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला ३० बस होत्या आणि काळ्या मुलांना एकही नाही; ती मैलोन् मैल चालत. आईबापांची पहिली मागणी फक्त एका बसची होती. त्यांचे वकील थरगुड मार्शल शाळा समान करा म्हणून दावा घेऊन आले, तेव्हा वेअरिंग यांनी त्यांना सुचवलं: गोऱ्या-काळ्यांच्या विभक्त शाळांनाच थेट आव्हान द्या. फिर्यादींत पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं होतं. ते पेट्रोल पंपावर कामाला होते. त्यांची नोकरी गेली, त्यांच्या पत्नीचीही गेली. तरी त्यांनी नाव मागे घेतलं नाही.

मे १९५१ मध्ये चार्ल्सटनला सुनावणी झाली. पहाटेपासून क्लॅरेंडनची शेतकरी माणसं कोर्टाबाहेर रांगेत उभी होती. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी विभक्त शाळा कायम ठेवल्या. वेअरिंग एकटे पडले. त्यांनी आपलं वेगळं निकालपत्र लिहिलं आणि त्यात म्हटलं की विभक्तपणा हीच मुळात विषमता आहे. तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, विभक्त शाळांवरच्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालय एकमतानं त्याच निष्कर्षाला आलं. ब्रिग्ज यांचं प्रकरणही त्या निकालात होतं.

तोवर वेअरिंग चार्ल्सटनमध्ये राहिले नव्हते. १९५२ मध्ये निवृत्त होऊन ते पत्नीसह न्यूयॉर्कला गेले. जानेवारी १९६८ मध्ये त्यांचं दफन मात्र जन्मगावीच झालं. त्या दिवशी सुमारे २०० कृष्णवर्णीय माणसं त्यांना निरोप द्यायला आली होती. गोरी माणसं डझनभरही नव्हती.

चार्ल्सटनच्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला पुढे सिनेटर हॉलिंग्ज यांचं नाव दिलं गेलं. हॉलिंग्ज यांनी स्वतःच विनंती केली, माझं नाव काढा, वेअरिंग यांचं लावा. २०१५ मध्ये ते लागलं.

नमस्कार.