त्यांच्या घरातली मंडळी

नमस्कार, मंडळी.

रेडिओवर बोलायला बसलं की हा शब्द आपोआप तोंडात येतो. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे. इमारतीला आम्ही चर्च म्हणतो, काही जण देऊळ म्हणतात, आमचे ईस्ट इंडियन शेजारी इगर्ज म्हणतात. तिथे जमणारी माणसं म्हणजे मंडळी. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं, ते बायबलमध्ये आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायात तो एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतो. त्यात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं येतं. तंबू शिवून पोट भरणारी माणसं. पौल म्हणतो, त्यांच्या घरात जी मंडळी जमते, तिलाही माझा सलाम सांगा.

लहानपणी हे वाक्य ऐकून मला आमची दहा बाय बाराची खोली आठवायची. एवढ्या जागेत मंडळी मावेल कशी, हा माझा प्रश्न होता. पुढे ती मावताना मी पाहिली.

मी चौतीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. माझे वडील अहमदनगर जिल्ह्यातून मुंबईला आले, गिरणीत लागले, आणि येताना गावच्या मंडळीचा दाखला घेऊन आले. तो दाखला दाखवून इथल्या चर्चच्या वहीत नाव चढलं. आमचा रविवार म्हणजे इस्त्रीचे कपडे, साडेनऊची उपासना, आणि बाहेर पायरीवर तासभर गप्पा. मी नोकरीला लागले आणि हे सगळं सुटलं. वॉर्डाला रविवार नसतो. महिन्यातून एखादा रविवार मिळाला तर मिळाला, तोही नाइट ड्युटी करून आल्यावर. प्रवचनात डोळे मिटायचे आणि मागच्या बाकावरच्या काकू पाठीला बोट लावायच्या.

मुंबईच्या कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या धडपडीने, 10 जून 1890 पासून. लोखंडे सत्यशोधक होते, चर्चशी त्यांचा संबंध नाही. पण आमच्या गिरणीतल्या बापजाद्यांना सकाळच्या उपासनेला सहकुटुंब जाता आलं, त्यात त्या सुटीचा वाटा आहे असं मी मानते. आजही ती सुटी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. वॉचमन, परिचारिका, मॉलमधली मुलं, घरोघर डबे आणि पार्सल पोचवणारे, ह्यांचा रविवार म्हणजे सगळ्यात जास्त कामाचा दिवस. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांचंही तसंच होतं. त्यांत गुलाम होते, मजूर होते, दिवस मालकाचा होता. म्हणून ते घरांत जमायचे, कधी दिवेलागणीनंतरही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस शहरातली गोष्ट आहे. माडीवर पुष्कळ दिवे लावलेले, पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललेलं, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल धावत खाली गेला, त्याला मिठीत घेतलं, आणि पोरगा जिवंत निघाला. ही गोष्ट वाचून लोक हसतात. मला हसू येत नाही. तो दिवसभर कुठे राबून आला असेल, हेच माझ्या मनात येतं.

तर माझी घरातली मंडळी सुरू झाली ती अशी. आमच्यातल्या एका परिचारिकेच्या घरी, कांजूरमार्गला, बुधवारी रात्री साडेआठला. नऊ-दहा माणसं. चपला जिन्यावर, चटई पलंगाखालून काढायची, पलंगावर म्हाताऱ्यांनी बसायचं. एक भजन, एक शास्त्रपाठ, मग प्रत्येकाने आपल्या आठवड्याचं सांगायचं. दार उघडं ठेवायचो, आवाज हळू ठेवायचो, कारण भिंतीपलीकडे दहावीची मुलगी अभ्यास करायची. हे मी मुद्दाम सांगते आहे. माइक आणि ड्रम लावून दोनशे चौरस फुटांत स्तुती करणारी मंडळीही मी पाहिली आहे, आणि मग शेजाऱ्यांची तक्रार आली की ‘छळ होतोय’ म्हणतात. शेजाऱ्याची झोप ही माझ्या प्रार्थनेपेक्षा लहान गोष्ट नाही.

त्या चटईवर मला जे मिळालं ते चर्चच्या बाकावर मिळालं नव्हतं. तिथे कुणी गैरहजर राहिलं की रात्री दहाला फोन जायचा. माझ्या मोठ्या चर्चमध्ये, जिथे माझं नाव अजूनही आहे आणि ज्याच्यावर माझं प्रेम आहे, तिथे एक विधवा बाई वर्षानुवर्षं डावीकडच्या चौथ्या बाकावर बसायच्या. त्या चार महिने आल्या नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. त्या मांडीचं हाड मोडून घरात पडून होत्या, हे नाताळच्या कॅरलवाल्या मुलांनी दार वाजवलं तेव्हा कळलं. तीनशे माणसांत हे होतं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट आहे का? मला तसं वाटत नाही.

माझे वडील गेले ते जुलैमध्ये, रात्री. तासाभरात बुधवारची माणसं आली. कुणी पावसातून ताडपत्री आणली, कुणी पिठलं-भाकरी, एकजण रात्रभर आईचा हात धरून बसली. पण सकाळी मातीचा प्रश्न आला, तेव्हा उपयोगी पडली ती वही. कुठल्या मंडळीचे, बाप्तिस्मा कधीचा, पाळकाची चिठ्ठी आहे का. चर्चच्या शिपायाने कपाटातून रजिस्टर काढलं, वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, गावच्या दाखल्याची नोंद बाजूलाच होती. पाळकांनी चिठ्ठी लिहिली आणि दुपारी शिवडीच्या दफनभूमीत माती झाली. या शहरात जिवंत माणसाला जागा मिळत नाही, तिथे मेलेल्याला साडेतीन हात मिळवून देणारी ती वही आमच्या बुधवारच्या मंडळीकडे नव्हती. लग्नाचंही तेच. 1872चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, त्याप्रमाणे लग्न लावायला अधिकार असलेला पाळक किंवा सरकारी विवाह निबंधक लागतो. घरातल्या मंडळीचा प्रमुख कितीही भला असला तरी तसा अधिकार नसेल तर त्याच्या आशीर्वादाने लग्नाचा दाखला मिळत नाही. मग पोरं शेवटी जुन्याच चर्चच्या ऑफिसात येऊन बसतात.

श्रोतेहो, घर आणि चर्च ही दोन वेगळी झाडं आहेत असं बरेच जण धरून चालतात. इतिहास तसं सांगत नाही. सीरियात फरात नदीच्या काठी दुरा-युरोपस नावाचं शहर होतं. तिसऱ्या शतकात ते लढाईत उद्ध्वस्त झालं आणि मातीखाली राहिलं. 1930च्या दशकात तिथे खोदकाम करताना एक साधं राहतं घर सापडलं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केलेली, बाजूच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मेंढपाळाचं चित्र. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 313 साली ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, त्याच्या कितीतरी आधीचं हे. आमच्या चाळीत शेजारची खोली विकत घेऊन मधली भिंत पाडतात, अगदी तस्सं. भिंत पाडली की प्रश्न येतात: किल्ली कुणाकडे, खोली कुणाच्या नावावर, दिव्याचा खर्च कोण लिहून ठेवणार. वही तिथून सुरू होते.

आपल्या मुंबईतही हेच झालं. 1871 साली विल्यम टेलर नावाचे, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे प्रचारक इथे आले. त्यांच्या सभांनी ज्यांचं मन हललं त्यांना त्यांनी लहान लहान गट करून लोकांच्या घरी जमायला लावलं. त्यांना येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. हे 1848 पासून मुंबईत होते, मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत अगदी साधेपणाने राहायचे, आणि 1888 साली मरेपर्यंत मायदेशी परत गेले नाहीत. त्या घरांतल्या गटांतून इथली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. आज दक्षिण मुंबईत बोवेन यांच्या नावाचं चर्च आहे, बाकं आहेत, नावाची पाटी आहे.

कॅथलिक बांधवांकडे दुसऱ्या वाटेने तेच दिसतं. 1896च्या प्लेगने ही मुंबई पोखरली, तेव्हा गावठाणांत आणि वाड्यांत क्रूस उभे राहिले, आणि लोक तिथे गल्लीतच संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणू लागले. माझगावच्या म्हातारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत जाऊन पाहा, ते क्रूस अजून आहेत. धर्मगुरू, देऊळ, मिस्सा सगळं जागच्या जागी होतं, तरी दाराशी देव हवा होता.

आणि नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बावीस वर्षांनी, 1917 साली, त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एकत्र. किती मोठं मन! पण 1919च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. तो एका माणसाच्या ओढीवर उभा होता. टिकली ती त्यांची गीतं, आणि ती टिकली कारण मंडळ्यांनी ती उपासनेच्या पुस्तकात घेतली आणि दर रविवारी, बेसूर का होईना, म्हणत राहिल्या. मी बुधवारी चटईवर बसून टिळकांचं भजन म्हणते, ते मला बाकावर शिकवलेलं असतं.

एका माणसाच्या ओढीवर उभं राहण्याचा धोका मी स्वतः भोगला आहे. मध्ये दोनेक वर्षं मी उपनगरातल्या दुसऱ्या एका घरातल्या मंडळीत जात होते. तिथला भाऊ, म्हणजे त्या मंडळीचा प्रमुख, प्रार्थनेला बसला की अंगावर काटा यायचा. दशांशाचं, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याचं, पाकीट त्याच्या हातात द्यायचं, पावती नाही. कुणी हिशेब विचारला तर उत्तर यायचं, संशय हे पाप आहे. तेवढंच असतं तर मी कदाचित गप्प राहिले असते. तिथे एकोणीस वर्षांची एक मुलगी यायची. तिला टीबी होता, औषध चालू होतं, वजन वाढत होतं. भावाने तिला सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या कशाला? तिने तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या. मी परिचारिका. टीबीचं औषध अर्ध्यावर सोडलं की उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होण्याची भीती असते, हे मी हजारो पेशंटना सांगितलेलं. पण मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती पुन्हा वॉर्डात आली तेव्हा रक्त पडत होतं.

मी त्या भावाशी भांडले. आणि मग माझ्या ध्यानात आलं की तक्रार करायला वर कुणी नाही. पंच नाहीत, समिती नाही, बिशप नाही. त्याच्या घरात तोच पहिला आणि तोच शेवटचा. मोठ्या चर्चमधल्या निवडणुका, गटबाजी, कोर्टकज्जे यांना मी आयुष्यभर नावं ठेवली आणि आजही ठेवते. पण तिथे एखाद्या पाळकाने असं सांगितलं असतं तर पुढच्या सभेत उठून विचारणारी चार माणसं निघाली असती, आणि ती विचारणार हे त्या पाळकालाही ठाऊक असतं. करिंथच्या मंडळीला पौल खरमरीत लिहितो ना, की प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत एकत्र भाकर मोडायला, जमता आणि एक भुकेला राहतो तर दुसरा पिऊन मस्त होतो! तीही घरातच जमणारी मंडळी होती. तिला बाहेरून पत्र लिहिणारा कुणीतरी होता, म्हणून ती वाचली.

मग 2020 आलं. मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली. गुड फ्रायडे 10 एप्रिलला होता, मी जन्मात प्रथमच तो घरात, मोबाइलसमोर पाळला. आपल्या राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती दिवाळी पाडव्याला, 16 नोव्हेंबरला; पुढच्या वर्षी पुन्हा बंद होऊन 7 ऑक्टोबरला उघडली. त्या काळात प्रत्येक घर मंडळी झालं, आणि ज्या घरांना बुधवारची सवय होती ती घरं कमी खचली. आमच्या पाळकांनी ते पाहिलं. चर्च उघडल्यावर त्यांनीच वेदीवरून सांगितलं की प्रत्येक भागात एक घर द्या, मी महिन्यातून एकदा तिथे प्रभुभोजन घेऊन येतो, आणि गैरहजर माणसांची नावं तुम्ही मला द्या.

आता आमच्या बुधवारी दोन वह्या असतात. एकीत कोण आलं आणि कोण आलं नाही. दुसरीत पैसे, आणि तो हिशेब महिन्याअखेर मोठ्याने वाचायचा, पाच रुपयांची मेणबत्ती असली तरी. आजारी माणसासाठी आम्ही प्रार्थना करतो आणि त्याची औषधाची पुढची तारीखही विचारतो. ही मी घातलेली अट आहे, आणि ती मोडू देणार नाही.

ती मुलगी वाचली. दीड वर्ष दुसरं, जास्त कडक औषध घेतलं, एका कानाने तिला आता कमी ऐकू येतं. आता ती मॉलमध्ये कामाला आहे, रविवार मिळत नाही, बुधवारी कामावरून थेट येते. आम्ही चौथ्या मजल्यावर जमतो. तिला वारा लागतो म्हणून ती खिडकीच्या कट्ट्यावर बसते, आणि शास्त्रपाठ निम्मा होईतो तिची मान कलायला लागते. मी उठते, तिला खाली चटईवर घेते, आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर ठेवून पुढचं ऐकते.