६ बारला ७ने का गुणायचं?

नमस्कार मंडळी. मशीनमधला, दाबाच्या हवेवर पिस्टन हलवणारा सिलिंडर किती हवा खातो, हे मागच्या व्हिडिओखाली इतक्या जणांनी विचारलं की आज तेवढंच बोलतो.

आकारमान तुम्हाला काढता येतं. ५० मिमी बोअर (आतला व्यास), १०० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे पिस्टन जाताना ०.१९६ लिटर. येताना पिस्टनचा २० मिमीचा रॉड जागा अडवतो, म्हणून ०.१६५. एका फेरीला ०.३६. झालं.

घोळ होतो पुढे. हवेचा दाब ६ बार असेल, तर या आकारमानाला ७ने गुणायचं, असं मी म्हणतो. एका भावाने लिहिलंय, "काहून सात? गेजवर तर सहाच दिसते." बरोबर दिसते. पण गेजचं शून्य म्हणजे बाहेरची हवा. लाइन रिकामी केली, काटा शून्यावर आला, तरी आत १ बार हवा असतेच. म्हणून ६ अधिक १.

दुसरीकडून बघा. पिस्टन परत येताना भरलेली सगळी हवा बाहेर ढकलतो. ती पिशवीत धरली, तर सिलिंडरच्या सातपट जागा लागेल. ०.३६ गुणिले ७, अडीच लिटर.

अजून पटलं नाही? कॉम्प्रेसरकडे जा. तो बाहेरची मोकळी हवा ओढतो, त्याच्या प्लेटवरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट) त्याच हवेचा असतो. मग आपला आकडाही मोकळ्या हवेतच हवा. मिनिटाला २० फेऱ्या म्हणजे ५० लिटर, पावणेदोन सीएफएम.

आता खरी गंमत: हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतच्या ट्यूबला मात्र ६नेच गुणायचं! ट्यूबमध्ये पिस्टन नाही, एक्झॉस्टनंतर, म्हणजे हवा बाहेर सोडल्यावरही, १ बार हवा तिथेच राहते. आतून ६ मिमी, २ मीटरच्या दोन ट्यूब धरा, फेरीला ०.६८ लिटर. सिलिंडरच्या पाव हिश्श्याहून जास्त, आणि काम शून्य. हिंगणा एमआयडीसीत एका मशीनचे व्हॉल्व्ह मी लांबच्या पॅनलमधून काढून सिलिंडरला चिकटून बसवले होते, म्हणजे मधली लांब ट्यूबच गेली. तेव्हापासून हा हिशोब मी कधी सोडत नाही.

आणि गळती. ६ बारला १ मिमीचं भोक मिनिटाला साठेक लिटर सोडतं. म्हणजे आपल्या सिलिंडरपेक्षा जास्त, तेही रात्रंदिवस! पहिली शिफ्ट लागण्याआधी, सगळी मशीन बंद असताना, घड्याळ घेऊन कॉम्प्रेसरजवळ उभे राहा. १ मिनिट लोड (हवा भरतोय), ४ मिनिटं अनलोड (नुसता फिरतोय) असं चाललं, तर त्याच्या क्षमतेतली २० टक्के हवा गळतीत जातेय. तुमच्याकडे किती मिनिटं आली, ते कमेंटमध्ये कॉम्प्रेसरच्या सीएफएमसकट लिहा.