पंप गळतोय, पण गाडी चालतेय

मंडळी, कोल्हापुरात पंपावर बोलायचं म्हणजे जरा जपूनच. समोर बसलेले निम्मे लोक उद्यमनगर, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावचे. ज्या गावानं ऑइल इंजिनं घडवली आणि जिथल्या फाउंड्रीत आजही गाड्यांची कास्टिंगं ओततात, तिथं पंप म्हणजे काय हे मी सांगायला नको. मी बोलणार आहे ते एवढ्याचवर, की कारचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप, जायला लागलाय हे कळल्यावर थांबायचं का नाही.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अजून किती दिवस काढेल?" याचं छातीठोक उत्तर जो देईल, त्याच्याकडं गाडी टाकू नका. एखादा गळका पंप महिनोन्‌महिने ओढतो, एखादा पुढच्या टोलनाक्यापर्यंतही पोचत नाही. विचारायचं ते असं, की हा गेला तर जाताना सोबत काय घेऊन जाईल?

पंपात एक शाफ्ट. एका टोकाला पुली, दुसऱ्याला इम्पेलर, म्हणजे कूलंट ढकलणारं पात्यांचं चाक, मध्ये बेअरिंग. कूलंट बेअरिंगकडं येऊ नये म्हणून सील. या दोघांच्या मध्ये बॉडीला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, वीप होल. सील हरलं की कूलंटनं तिथून बाहेर पडायचं. ते भोक लांबी (पुट्टी) भरून बुजवणारे महाभाग मी बघितलेत. गळती थांबते, मालक खूश होतो आणि कूलंट सरळ बेअरिंगचं ग्रीस धुवायला लागतं.

तर इंजिन थंड असताना टॉर्च मारून त्या भोकाखाली बघा. हिरवट नाहीतर गुलाबी, वाळून खरखरीत झालेला ओघळ दिसला तर सील पाझरतंय. नव्या पंपातून सुरुवातीला एखादा थेंब येतो, त्याला घाबरू नका. कूलंटच्या बाटलीवर सकाळी, थंड गाडीत, मार्करनं रेघ मारून ठेवा आणि रोज बघा. मग बेल्ट उतरवून पुली बोटांत धरून हलवून बघायची. फिरवताना खरखर लागली किंवा पुली वर-खाली डुलली, तर पुढं चर्चाच नको. बेअरिंग संपलंय. पुली तिरकी झाली की बेल्ट फेकला जातो आणि बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटरही असतो.

पण सगळ्यात आधी मिस्त्रीला एवढं विचारा, "आपला पंप कुठल्या बेल्टवर फिरतो?" बाहेरच्या बेल्टवर असेल तर थोडा श्वास घ्यायला जागा आहे. टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणाऱ्या दातेरी बेल्टवर असेल, तर अजिबात नाही. पंप जाम झाला की बेल्टचे दाते सोलतात नाहीतर बेल्ट तुटतो, आणि बहुतेक इंजिनांत मग पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. काही हजारांत भागणारं काम तिथं इंजिन उघडण्यावर जातं. म्हणूनच टायमिंग बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या असं सांगतात. खोलण्याची मजुरी एकच.

आता गरम होण्याचं बघू. रेडिएटरचं झाकण साधारण 1 बार दाब धरतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. गळती मोठी झाली की दाब टिकत नाही. मग आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर ते शंभराच्याही जरा आधीच उकळायला लागतं. इंजिनाच्या वरचं ॲल्युमिनियमचं हेड खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. हेड वाकतं, दोघांमधलं गॅस्केट उडतं. तापमानाच्या काट्यावरही फार विसंबू नका. कूलंट उतरून सेन्सर कोरडा पडला, तर आत इंजिन भाजत असताना काटा निवांत खाली बसलेला असतो.

हळदीबद्दल कुणीतरी विचारणारच. रेडिएटरच्या बारीक छिद्राला हळद कधीकधी तात्पुरती धरते, खरं आहे. पंपाचं सील म्हणजे फिरता शाफ्ट. तिथं हळद काय धरणार? ती जाऊन बसते हीटरच्या बारीक नळ्यांत.

आणि दुरुस्ती? ट्रक-ट्रॅक्टरच्या पंपांना किट मिळतं, ते भरून घेण्यात काही वावगं नाही. आजच्या बहुतेक कारच्या पंपात मात्र बेअरिंग आणि शाफ्ट मिळून एकच नग, तोही प्रेस करून बसवलेला. उद्यमनगरात बसवून देणारा तयार हात मिळेल, शंका नाही. पण सील किती खोल बसलं आणि इम्पेलरची फट किती राहिली यात जरा चुकलं, की मजुरी दोनदा. माझं मत, अख्खा पंप बदला.

मग लांबवायचं कधी? नुसता पाझर आहे, पुली घट्ट आहे, पंप बाहेरच्या बेल्टवर आहे, रेघेखाली पातळी फारशी उतरत नाही आणि गाडी रंकाळा ते स्टेशन एवढीच फिरते. अशा वेळी चांगला पंप मागवून तो येईपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. मीही थांबेन. डिकीत कूलंट ठेवायचं आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही.

आताच एक चिठ्ठी आली आहे. "पाझर थोडाच आहे, पंप सोमवारी येतोय, शनिवारी मालवणला जाऊन येऊ का?" नको. आपली फसगत इथंच होते. कोकणात जाताना आपण घाट उतरतो. इंजिनावर ताण नसतो, गाडी मालवणपर्यंत झकास जाते आणि पंपावर उगाच विश्वास बसतो. खरा चढ परतीला, चार माणसं, सामान आणि एसी घेऊन करूळचा घाट चढताना. आंबा घाटाचंही तेच. तिथं काटा वर सरकला तर लगेच एसी बंद, जागा बघून गाडी बाजूला आणि इंजिन बंद. वरून गार पाणी ओतू नका. पुरतं थंड झाल्यावर बाटली बघा, आणि कूलंट खाली सांडलेलं दिसलं तर गाडी टोइंगनंच वर आणा. शनिवारी एसटीनं जा.