कुरकुरीत तळाचे चायनीज डंपलिंग घरच्या तव्यावर: खरा हिशेब पाण्याचा

पडद्यावर: ताटात उलटवलेली डंपलिंगची अख्खी चकती, वर सोनेरी जाळी. सराट्याचं टोक जाळीवर टकटक वाजतं.

नमस्कार मंडळी! ऐकलंत? हे तळलेलं आहे, पण कढईत नाही. आणि तेल लागलंय जेमतेम दोन मोठे चमचे.

आपल्या नागपुरात सदरला जा, सीताबर्डीला जा, ठेल्यावर फ्राइड मोमो मिळतोच. तो आधी वाफवतात, मग कढईत सोडतात. आज आपण करतोय ते वेगळं. उत्तर चीनमध्ये जियाओझी नावाचं डंपलिंग घरोघरी होतं, चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री तर हमखास. तेच तव्यावर खालून तळलं आणि झाकण घालून वरून वाफवलं की झालं ग्वोतिए. तळ कडक, वरची पारी मऊ, आत रसदार सारण.

यात बहुतेकांचं बिघडतं ते तेलापायी नाही, पाण्यापायी. पारीत किती पाणी, सारणातून किती काढायचं, तव्यात किती ओतायचं आणि ते कधी आटलं पाहिजे. शिवाय मे महिन्यात आपल्या हवेत ते अजिबातच नसतं, तो एक वेगळा ताप.

पडद्यावर: मैदा २५० ग्रॅम, मीठ पाव चमचा, उकळतं पाणी १४० मिलिलिटर.

आधी पारी. २५० ग्रॅम मैदा म्हणजे साधारण दोन सपाट कप. पाणी उकळतं हवं, कोमट नाही. काहून, ते सांगतो. थंड पाण्यात मैदा भिजवला तर ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, घट्ट होतं आणि लाटलेली पारी आखडते. पाण्यात उकळायच्या डंपलिंगला ती चांगली, कारण फाटत नाही. पण तव्यावर वाफ थोडाच वेळ मिळते, तिथं ती चिवट लागते. उकळतं पाणी पडलं की मैद्यातला स्टार्च तिथंच अर्धवट शिजतो, जास्त पाणी धरतो, आणि ग्लुटेन ढिलं पडतं. पारी मऊ राहते आणि लाटताना मागे येत नाही.

पाण्याची बारीक धार धरा, दुसऱ्या हातानं चमचा फिरवत राहा. सगळं भुरभुरीत झालं आणि हात लावण्याइतकं निवलं की ५-६ मिनिटं मळा. कोरडं वाटलं तर एकेक छोटा चमचा पाणी वाढवा. मैद्याच्या दोन पिशव्या सारखं पाणी पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात तर मैदाच कोरडा असतो. मोहन घालायचं नाही. करंज्या करणाऱ्या हातांना हा मोह होतो, पण मोहनानं पारी खुसखुशीत होते आणि कडा एकमेकींना धरत नाहीत. उंडा झाकून अर्धा तास ठेवा, मग पुन्हा मिनिटभर मळा. मघाशी खडबडीत होता, आता गुळगुळीत होईल.

उंडा मुरतोय तोवर सारण.

पडद्यावर: पत्ताकोबी ४०० ग्रॅम, गाजर ८० ग्रॅम, पनीर १०० ग्रॅम, मूठभर कांद्याची पात, किसलेलं अद्रक १ मोठा चमचा.

पत्ताकोबी सुरीनं बारीक चिरा. किसू नका, मिक्सरला तर मुळीच लावू नका, लगदा होतो. त्यावर एक छोटा चमचा मीठ, नीट चोळा, २० मिनिटं ठेवा. मग स्वच्छ पंचात बांधून पिळा. जोर लावून पिळा. अर्धी वाटी पाणी सहज निघतं. नाही निघालं तर पिळणं कमी पडलं. हे पाणी आत राहिलं तर शिजताना पारीतून झिरपतं, तळ ओला होतो, ओला तळ तव्याला धरतो, आणि उचलायला गेलं की सारण तव्यात आणि पारी सराट्यावर. तव्याला चिकटतात अशी तक्रार असते ना, त्यातली बरीचशी तव्याची नसून पत्ताकोबीची असते.

पिळलेल्या कोबीत किसलेलं गाजर, कुस्करलेलं पनीर, पात, अद्रक, दीड मोठा चमचा सोया सॉस, अर्धा छोटा चमचा पांढऱ्या मिरीची पूड आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घाला. उरलंसुरलं पाणी कॉर्नफ्लोअर धरून ठेवतं. वरून मीठ चाखल्याशिवाय घालू नका, कोबीत आणि सॉसमध्ये ते आहेच. चायनीज पाककृतीत तिळाचं तेल लिहिलेलं असतं ते भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी. किराण्यातलं फिकं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही. गडद तेल नसेल तर दोन छोटे चमचे तीळ खमंग भाजून जाडसर कुटा आणि घाला. लसूण थोडी चालेल. सांबार, म्हणजे कोथिंबीर, नको. नागपुरात बसून हे बोलायला हिंमत लागते, पण सांबाराच्या वासापुढं अद्रक आणि पात दोन्ही दबतात.

चिकनचं करणार असाल तर हिशेब उलटा होतो. ३०० ग्रॅम खिमा घ्या, शक्यतो मांडीचा. छातीचा कोरडा पडतो. त्यात आधी अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा सोया सॉस, मग चार मोठे चमचे थंड पाणी, एकेक चमचा घालत जोरात ढवळा. चीनमध्ये एकाच दिशेनं ढवळायची रीत आहे. दिशेपेक्षा न थांबणं महत्त्वाचं. तीन-चार मिनिटांत खिमा चिकट होऊन भांड्याला धरायला लागतो. मिठानं मांसातली प्रथिनं मोकळी होतात आणि ती हे पाणी बांधून ठेवतात. कोबीच्या पाण्याला असं कुणी बांधलेलं नसतं, म्हणून ते बाहेर काढायचं आणि हे आत घालायचं. शेवटी यातही दीडशे ग्रॅम पिळलेली कोबी, पात आणि अद्रक. कोणतंही सारण असो, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गार सारण भरायला सोपं जातं.

आता लाटणं. उंड्याचे दोन लांब रूळ वळा, प्रत्येकाच्या १६ लाट्या. एक लाटी साधारण १२ ग्रॅमची, पारी ८ ते ९ सेंटिमीटरची. मध्ये जाडसर, कडेला पातळ. कडा दुमडल्यावर दुप्पट होते, आणि मधला भाग तव्यावर बसतो, त्याला मार सोसायचा असतो. लाटताना पीठ बेतानं लावा. जास्तीचं कोरडं पीठ कडा चिकटू देत नाही, आणि तव्यात जळून काळे ठिपके पाडतं.

इथं हवेचा ताप. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी, वर पंखा सुरू असेल तर लाटलेली पारी बघता बघता कडेनं कडक होते. मग ती चिकटत नाही, मुडपताना तडकते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तुर्फानजवळ अस्ताना म्हणून जुनं दफनस्थान आहे. तिथल्या कोरड्या हवेत तांग राजवटीच्या काळातली डंपलिंग आकारासकट टिकली, हजारावर वर्षं. आपल्याला इतकी टिकवायची नाहीत. म्हणून पंखा बंद, लाट्या ओल्या पिळलेल्या कापडाखाली, आणि एका वेळी चार-पाचच पाऱ्या लाटून लगेच भरा. पावसाळ्यात बरोबर उलटं होतं, भरलेली डंपलिंग ताटाला चिकटतात. तेव्हा ताटात आधी थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरा.

पडद्यावर: तळहातावर पारी, भरणं आणि मुडपणं, जवळून, सावकाश.

मध्ये एक सपाट मोठा चमचा सारण, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. लालूच नको. अर्ध्या कडेला पाण्याचं बोट फिरवा, अर्धचंद्र करून मधोमध चिमटा, आणि बंद करण्याआधी आतली हवा दाबून काढा. हवा राहिली तर वाफेनं फुगतं आणि शिवण उसवते. पुढच्या पारीला तीन-चार चुण्या, मागची सरळ. त्यानं डंपलिंग वाकतं आणि आपल्या तळावर बसतं. चुण्या जमत नसतील तर नुसतं घट्ट दाबा, चवीत काही फरक नाही. करंजीची मुरड मात्र घालू नका. ती जाड दोरी तळणीत तळून निघते. इथं वाफेवर कच्ची राहते. ठेवताना हलकंसं खाली दाबा, तळ सपाट झाला पाहिजे.

आता तवा, आणि हाच खरा खेळ.

२४ ते २६ सेंटिमीटरचा, सपाट बुडाचा, घट्ट झाकणाचा नॉनस्टिक पॅन घ्या. काचेचं झाकण असेल तर उत्तम. चांगला मुरलेला बिडाचा तवाही चालतो. पोळीचा खोलगट तवा नाही, त्यात पाणी मध्ये साचतं आणि कडेची डंपलिंग कोरडी राहतात.

पडद्यावर: जाळीचं पाणी. पाणी १२० मिलिलिटर, मैदा २ छोटे चमचे, कॉर्नफ्लोअर १ छोटा चमचा, तेल १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

सुरुवातीला दिसली ती सोनेरी जाळी याच पाण्याची. हे आधीच कालवून ठेवा आणि ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळा, पीठ तळाशी बसतं. नुसत्या कॉर्नफ्लोअरची जाळी कडक होते पण उचलताना चुरा होतो. नुसत्या मैद्याची धिरड्यागत जाड आणि मऊ होते. म्हणून दोन्ही.

मध्यम आचेवर दीड मोठा चमचा तेल पसरवा. तेल तापलं की १२ ते १४ डंपलिंग मांडा, मध्ये बोटभर नाही तरी नखभर जागा हवी, नाहीतर फुगून एकमेकांना चिकटतात. दोन मिनिटं हलवू नका. एक उचलून बघा: तळाला फिकट सोनेरी रंग आला? आता एका हातात झाकण ढालीसारखं धरा, दुसऱ्या हातानं पिठाचं पाणी कडेकडेनं ओता आणि लगेच झाका. गरम तेलात पाणी पडतंय, जोरात उडणार. लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

व्हेजला ६ मिनिटं, चिकनला ८. आच मध्यमच. झाकण सारखं उघडू नका, वाफ गेली की वरची पारी कच्ची राहते.

झाकणाखाली काय होतंय? जोवर तव्यात पाणी आहे तोवर तळाचं तापमान शंभरच्या आसपासच अडकून राहतं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर, म्हणजे आपलं पाणी ९९ अंशांनाच उकळतं. खरपूस रंग यायला मात्र १४० च्या पुढं जावं लागतं. म्हणजे पाणी असेपर्यंत शिजणं, पाणी संपल्यावर तळणं. दोन्ही एकदम होत नाही. जाळी मऊ राहिली अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा पाणी पूर्ण आटायच्या आधीच गॅस बंद केलेला असतो.

पाणी आटलं हे कानानं कळतं. झाकण काढा आणि ऐका. आधी बुडबुड असा ओला, भरलेला आवाज येतो. मग तो पातळ होत जातो आणि कोरडी चरचर सुरू होते. इथून पुढं दोन ते तीन मिनिटं, आणि इथून पुढं फोन हातात घेऊ नका. पांढरी साय आधी पारदर्शक होते, मग कडेनं पिवळी, मग तपकिरी. शेगडीचा जाळ एका बाजूला जास्त असतो, तेव्हा पॅन अधूनमधून फिरवा. कडा आपोआप वर उचलली जाऊ लागली की गॅस बंद.

अर्धा मिनिट थांबा. सराटा कडेनं फिरवा, पॅन हलवला की सगळी चकती सरकली पाहिजे. सरकत नसेल तर ओढू नका, आणखी अर्धा मिनिट मंद आचेवर ठेवा. कडक झालेली जाळी स्वतःहून सुटते. जास्तीचं तेल वाटीत निथळवा, नाहीतर उलटवताना हातावर येईल. मग पॅनवर ताट उपडं ठेवा, कापडानं दोन्ही घट्ट धरा, आणि एका झटक्यात उलटवा.

कढईतच हवेत असं म्हणणाऱ्यांसाठी: तेव्हा पारी थंड पाण्याची करा, २५० ग्रॅम मैद्याला ११५ मिलिलिटर पाणी, आणि जरा पातळ लाटा. उकळत्या पाण्याची पारी जास्त पाणी धरते, ती तेलात कडक व्हायला वेळ घेते आणि तोवर तेल पिते. ८ मिनिटं वाफवा, पृष्ठभाग पूर्ण कोरडा होईपर्यंत निववा, मग १७५ अंशांच्या तेलात ३ मिनिटं तळा. थर्मामीटर नसेल तर मळलेल्या मैद्याचा कण टाका, तो तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांत वर आला पाहिजे. चिकन तर वाफवल्याशिवाय कढईत सोडूच नका. बाहेर रंग येतो आणि आत कच्चं राहतं.

उरलेली फ्रीजरमध्ये. भरलेली कच्ची डंपलिंग ताटात सुटी मांडून दोन तास गोठवा, मगच पिशवीत भरा. महिनाभर छान राहतात. करताना बर्फ वितळू द्यायचा नाही, पारी ओली होऊन फाटते. गोठलेलीच तव्यावर ठेवा, पाणी ३० मिलिलिटर जास्त, झाकण ३ मिनिटं जास्त.

आता सोबतीला. चीनमध्ये तांदळापासून केलेला काळा व्हिनेगर वापरतात. तो नसेल तर दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा साधा व्हिनेगर, चिमूटभर गूळ आणि थोडं अद्रक. तिखट तेल घरीच करा: तीन मोठे चमचे भिवापुरी मिरचीचं जाडसर तिखट काचेच्या नाही, स्टीलच्या वाटीत घ्या. १०० मिलिलिटर तेल कडक तापवा, गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा आणि चिमूटभर तिखट टाकून बघा. फेसाळलं तर ओता. काळं पडलं तर अजून थांबा, नाहीतर सगळं कडू होईल.

सॉस वाटीतच ठेवा, जाळीवर ओतू नका. ताटातही जाळीची बाजू वरच राहू द्या, खाली गेली की वाफेनं दोन मिनिटांत मऊ पडते. आणि दुसरा घाणा लावण्याआधी तवा कोरड्या कापडानं पुसून घ्या, पहिल्या जाळीचा चुरा राहिला तर तो जळतो आणि नव्या डंपलिंगांना काळा तळ येतो.