पाकिटावरची तारीख आणि ओट्यावरचा भात

मघाशी सभागृहात शिरताना एका ताईंनी मला दारातच थांबवलं. पिशवीतून रव्याचं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "दोन महिने झाले तारीख उलटून, अजून फोडलेलंही नाही. टाकू का हो?" त्यांना विचारून ते पाकीट मी इथे टेबलावर आणलंय.

उजेडाकडे धरून बघते. जाळी धरलेली नाही, गुठळ्या नाहीत, अळी दिसत नाही. कोपरा कापते. वास स्वच्छ आहे, कडवट नाही, कोंदट नाही. ताई, हा रवा टाकू नका. आज खरपूस भाजा, गार झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि याच आठवड्यात उपम्याला संपवा.

हे मी कशाच्या जोरावर सांगते? पाकिटांवर दोन प्रकारचे शब्द असतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा, सुवास कंपनीने म्हटल्यासारखा राहील. त्यानंतरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो, असं कायद्यातल्या व्याख्येतच लिहिलंय. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' म्हणजे त्यानंतर सुरक्षिततेचाही भरवसा नाही आणि दुकानदाराला तो माल विकता येत नाही. पूर्वी रवा, बिस्किटं, मसाले यांच्यावर पहिला शब्द दिसायचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनी 'एक्स्पायरी' सक्तीची केली आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक. दुकानदारावर धाक राहतो म्हणून हा नियम मला पटतो. पण घरातल्या माणसाचं यात नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. आता पनीरवर आणि रव्यावर एकच शब्द येतो, आणि त्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पनीर ओलं असतं, त्यात जंतूंना हवं ते सगळं असतं. रव्यात पाणीच इतकं कमी की त्यांना वाढता येत नाही. म्हणून पनीर, मांस, मासे, पाश्चराइझ्ड दुधाची पिशवी यांची तारीख पाळा. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा तर तारखेनंतर एक दिवसही वापरू नका. कोरड्या वस्तूंना डोळे आणि नाक लावून बघा.

ही तारीख सरकार ठरवत नाही, उत्पादक ठरवतो. तो माल ठरावीक तापमानाला ठेवून वेळोवेळी तपासतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. पाकिटावर बारीक अक्षरात 'थंड आणि कोरड्या जागी ठेवा' असं असतं ना, तारखेचा सगळा डोलारा त्या ओळीवर उभा असतो. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात तेलकट फरसाण तारखेच्या आतच खवट होऊ शकतं. कोकणात आषाढात बिस्किटाचा पुडा उघडा राहिला तर तासाभरात मऊ पडतो. आणि पाकीट एकदा फोडलं की ती तारीख संपलीच. महिनोन्‌महिने टिकणारा दुधाचा खोका कापला की ते साधं दूध होतं, फ्रिजमध्ये ठेवूनही दोन-तीन दिवसांत संपवायचं. म्हणून मी प्रत्येक बाटलीवर पेनाने फोडल्याची तारीख घालते.

आता ज्यासाठी मी खरं तर इथे आलेय, ते सांगते. ज्या अन्नावर तारीखच नसते, त्याने घरात जास्त माणसं आजारी पडतात.

आमच्याच नात्यातली गोष्ट आहे. मे महिना, घरात सुट्टीला आलेली मुलं. रात्री भात उरला, पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं. सकाळी कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता घालून फोडणीचा भात झाला. वाफा येत होत्या, वासाला काही नव्हतं, चवीलाही नव्हतं. दोन-अडीच तासांत चार मुलं उलट्यांनी बेजार झाली. धाकटीला सलाइन लावावं लागलं. घरच्या बाई रडत मला म्हणाल्या, "अहो, मी चांगला गरम करून दिला होता."

त्यांनी गरम केला होता, यात शंका नाही. तांदळावर 'बॅसिलस सिरिअस' नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजतो तेव्हाही ते मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांतून जंतू उगवतात, वाढतात आणि एक विष सोडतात. ते विष फोडणीच्या आचेनेही नष्ट होत नाही. दुसऱ्यांदा गरम केल्याने जंतू मरतील, पण सोडलेलं विष तसंच राहतं. याला इलाज सकाळी नाही, आदल्या रात्री आहे. जेवणं झाली की उरलेला भात पसरट ताटात काढा, म्हणजे लवकर निवतो, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी त्याचा फोडणीचा भात खुशाल करा, मीही करते.

"वास घेऊन बघ" हे आपल्याला आईने शिकवलं, आणि ते अर्धं खरं आहे. अन्न नासवणारे जंतू वेगळे, माणसाला आजारी पाडणारे वेगळे. वरण आंबलं, दूध नासलं, भाताला तार सुटली, हे नाकाला आणि बोटांना कळतं. त्या मुलांच्या ताटातलं नाकाला कळलं नाही. फ्रिजवरही डोळे मिटून विसंबू नका. 'लिस्टेरिया' नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि गरोदर बाईला तो फार घातक. फुगलेला डबाबंद पदार्थ चाखूनसुद्धा बघू नका, तारीख पुढच्या वर्षाची असली तरी.

शेवटी बुरशीबद्दल. पावाच्या एका कडेला हिरवा ठिपका दिसला की तेवढा तुकडा काढून बाकीचा खातात. बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात, तो सगळा पाव टाका. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरं काही नव्हतं. शंभराहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन गेली. त्या घरांतली कुत्रीही दगावली. त्या मक्यावर कुठली तारीख नव्हती. बुरशीने सोडलेलं 'अफ्लाटॉक्सिन' त्यात होतं, आणि ते शिजवूनही पुरतं जात नाही.

हेच विष शेंगदाण्यातही होऊ शकतं, आणि दाण्याचं कूट आपल्याकडे रोज लागतं. म्हणून दाणे आणले की मी आधी परातीत पसरते आणि सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले दाणे वेचून फेकून देते. हे भाजण्याच्या आधी करायचं. एकदा भाजले की सगळ्यांचा रंग सारखाच होतो आणि खराब दाणा मग ओळखू येत नाही.